नागस्वरम्‌ची पाटी

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिकेचा फोन आला. "काकू, तुमच्या म्युझियमच्या करिअरबद्दल काहीतरी इन्स्पायरिंग लिहा ना. यंग जनरेशनला रिलेट होईल असं." यंग जनरेशन मराठी वाचत नाही, आणि इन्स्पायरिंग असं माझ्याकडे काही नाही. मी ओंटारिओतल्या एका मध्यम आकाराच्या संग्रहालयात सव्वीस वर्षं पाट्या लिहिल्या. काचेच्या कपाटात वस्तू असते आणि तिच्या शेजारी तळहाताएवढी पाटी असते, ती पाटी. तुम्ही ती वाचत नाही हे मला ठाऊक आहे. तुम्ही वस्तूचा फोटो काढता, वॉशरूम कुठे आहे ते विचारता आणि कॅफेत जाऊन बसता.

तरीही धंदा समजावून सांगते, कारण पुढचं त्याशिवाय कळायचं नाही. पाटीला साठ शब्द मिळतात. वस्तूचं नाव, ती कुठली, कशाची, कशासाठी, आणि उरलेल्या जागेत एक 'गोष्ट'. सहावीतल्या पोराला कळली पाहिजे आणि कंटाळा यायच्या आत संपली पाहिजे. मग त्याचं फ्रेंच भाषांतर होतं, म्हणजे चूक असली तर ती दोन राष्ट्रभाषांत होते. पाटीखाली लिहिणाऱ्याचं नाव कधीच नसतं. लिहिते मी, पण बोलतं संग्रहालय. त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं की हे कुठल्यातरी विद्वानांच्या मंडळाने बसून ठरवलेलं असणार. प्रत्यक्षात ते मी दुपारी डब्यातली पोळीभाजी खाताखाता लिहिलेलं असायचं.

आणखी एक नियम आहे. वस्तूला एकदा नोंदणी क्रमांक मिळाला की ती वापरायची नाही. पेल्यातून प्यायचं नाही, जोडे घालायचे नाहीत, वाद्य वाजवायचं नाही. श्वासाची ओल लाकडाला लागते, लाकूड तडकतं, सगळं खरं आहे. पण परिणाम असा की आमच्याकडे दोन खोल्या भरून वाद्यं होती आणि त्यांतल्या एकाचाही आवाज आम्ही कोणी ऐकला नव्हता. हातमोजे घालून आम्ही त्यांची लांबी मोजत असू, वजन करत असू, कुठे चरा आहे ते लिहून ठेवत असू. हे सगळं फार गंभीर चेहऱ्याने चालायचं.

मी नागपूरहून इतिहासात एम. ए. करून आले होते. संग्रहालयाने मला घेतलं तेव्हा आमच्या क्युरेटर हेदरबाईंना फार आनंद झाला, कारण आता त्यांच्याकडे घरची इंडियन होती. काबूलपासून बालीपर्यंत जे काही कपाटातून निघेल ते माझ्या टेबलावर यायचं. "यू वुड नो," असं म्हणून त्या ठेवून जायच्या. मला त्यातलं बरंचसं माहीत नसायचं. पण "मला माहीत नाही" हे तीन शब्द मी नोकरीत कधी उच्चारले नाहीत. नव्या देशात नवी नोकरी, आणि समोरची बाई तुम्हाला सर्वज्ञ समजते आहे. मीही तसं समजू दिलं. यात मला भोळेपणा दाखवायचा नाही. मला ते आवडत होतं.

अशीच एकदा एक लांब काळी पिपाणी टेबलावर आली. दोन हातांहून लांब, खाली फुलासारखं पसरट लाकडी तोंड, वरच्या टोकाला फुंकायची पाती, आणि दोऱ्यांना बांधलेल्या आणखी दोनतीन पात्या लोंबकळताहेत. सोबत दात्याचं पिवळं पडलेलं कार्ड. कोणा मिशनरी कुटुंबाने दिलेलं होतं, आणि त्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'नागस्वरम्, मद्रासकडील गारुड्याची पुंगी'. नाग मला कळत होता, स्वर कळत होता. मराठी माणसाला एवढं पुरतं. वास्तविक नागपुरात मी नागपंचमीला गारुडी पाहत मोठी झालेली. गारुड्याच्या पुंगीला भोपळा असतो हे मला पक्कं ठाऊक होतं. समोरच्या वाद्याला भोपळा नव्हता, ते चांगलं सनईसारखं होतं. मला ते दिसत होतं. तरी मी साठ शब्दांत लिहून टाकलं की हे दक्षिण भारतातलं सापांना डोलवणारं वाद्य, नावही सापावरूनच पडलं. गोष्ट उत्तम जमली होती. हेदरबाई खूष झाल्या. पाटी लागली आणि पुढे एकोणीस वर्षं तिथेच राहिली.

माझ्या निवृत्तीला दोनेक वर्षं उरली असताना, मार्च महिन्यात, रिसेप्शनवरून फोन आला की एक इंडियन जंटलमन भेटायला आलेत. ते इंडियन नव्हते. जाफन्याकडचे श्रीलंकन तमिळ होते, पण आमच्या रिसेप्शनला हा भेद सव्वीस वर्षांत कळला नाही. सत्तरी उलटलेले, किडकिडीत, विंटर जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढलेली. नाव कंदसामी. त्यांच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला अय्या म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणू लागले. इथल्याच केंब्रिज गावच्या मोटारींच्या कारखान्यातून रिटायर झाले होते, आणि शनिवार-रविवार देवळात आणि लग्नांत नागस्वरम् वाजवत. त्यांचे वडीलही वाजवत, आजोबाही.

"मॅडम," ते सावकाश इंग्रजीत म्हणाले, "ती पाटी कोणी लिहिली?"

"संग्रहालयाने," मी म्हटलं.

ही माझी त्या दिवशीची बहादुरी.

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या मुलाला वाद्यात रस नव्हता. नात होती, यालिनी, बारा वर्षांची, सातवीत. ती मात्र तीन वर्षं त्यांच्यापाशी बसून शिकत होती. त्यांच्याकडे दुसरं कोणी शिकायला नव्हतं आणि यायची शक्यताही नव्हती. ती शाळेच्या सहलीबरोबर आमच्याकडे आली. सगळ्या वर्गाला तिने अभिमानाने कपाट दाखवलं, हे माझे अप्पप्पा, म्हणजे आजोबा, वाजवतात. मग कोणीतरी पाटी मोठ्याने वाचली. परतीच्या बसमध्ये पोरं तिच्याकडे बघून फूत्कार टाकत होती, आणि पुढे वर्गातही टाकू लागली. घरी येऊन तिने आजोबांना विचारलं, तुम्ही गारुडी होतात का. ते नाही म्हणाले. ती म्हणाली, म्युझियममध्ये लिहिलंय. त्या दिवसापासून तिने वाद्याला हात लावला नव्हता.

"ऑगस्टमध्ये देवळाचा उत्सव आहे," अय्या म्हणाले. "यावर्षी ती माझ्या शेजारी वाजवणार होती. पाटी बदला. मी सांगून तिला पटत नाही, मी आजोबा आहे. छापलेलं तिला पटेल."

मी अर्ज केला. आमच्याकडे पाटी बदलायची तर एक समिती होती, तीन-चार महिन्यांनी भरायची, आणि त्यात वस्तूंविषयी कोणालाच काही माहीत नसल्यामुळे चर्चा अतिशय सभ्य व्हायची. हेदरबाईंनी विचारलं, सापावरून नाही तर मग नाव कशावरून पडलं? समितीने ठरवलं की तज्ज्ञांना विचारू.

तज्ज्ञांबद्दल मी दोन दिवस बोलू शकते. एका प्राध्यापकांनी कळवलं की नाव निःसंशय नागपट्टिनम् या किनाऱ्यावरच्या गावावरून आलं, याबद्दल आता वाद उरलेला नाही. मिसिसागातल्या एका संस्थेचे अध्यक्ष स्वतः आले. ते म्हणाले, मुळात ते नादस्वरम्, नादावरून, नागाचा संबंध अडाणी लोकांनी जोडला. हे सांगताना त्यांनी तीनदा घड्याळ पाहिलं, कारण त्यांना विमानतळावर कोणाला तरी हार घालायला जायचं होतं. कोक्विटलामच्या एका गृहस्थांनी बारा पानांची ईमेल पाठवली. नाग नावाचे प्राचीन लोक होते, हे त्यांचं वाद्य, आणि हे दडपलं गेलं आहे. सही पाहिली तर गृहस्थ दाताचे डॉक्टर. तिघांनाही शंभर टक्के खात्री होती. वाजवता तिघांनाही येत नव्हतं.

समिती जूनमध्ये भरली. निर्णय असा झाला की योग्य उगमाबद्दल एकमत नसल्यामुळे, एकमत होईपर्यंत सध्याची पाटी कायम ठेवावी. म्हणजे बरोबर काय ते कळत नाही, तोवर चूक आहे ते राहू द्या. हे वाक्य मी स्वतः इतिवृत्तात टाइप केलं. पुढची बैठक ऑक्टोबरात होती, आणि उत्सव ऑगस्टमध्ये.

हे अय्यांना फोनवर सांगायची मला हिंमत झाली नाही. एका शनिवारी मी मिसिसागाहून गाडी काढून केंब्रिजला त्यांच्या घरी गेले. मोकळं लॉन, बाहेर मुलाची गाडी, आत शेवयांच्या उपम्याचा वास. त्यांनी मला बेसमेंटमध्ये नेलं, कारण वाद्य तिथेच वाजवायची परवानगी होती. फर्नेसच्या शेजारी सतरंजी, भिंतीला वडिलांचा फोटो. बरणीत ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या गवताच्या पात्या. इथल्या हिवाळ्यात घरातली हवा इतकी कोरडी असते की पाती एका रात्रीत चिरते, ते म्हणाले. वाद्याचं लाकूड वडिलांनी एका पाडलेल्या जुन्या घराच्या तुळईतून मिळवलं होतं. ताजं लाकूड चालत नाही, माणसांच्या डोक्यावर दोनतीन पिढ्या उभं राहिलेलं लागतं. आपण ज्याला अंजन म्हणतो तेच ते झाड, बहुधा. बहुधा हा शब्द मी तेव्हा नव्याने शिकत होते.

"अय्या, तुमच्या मते नाव कशावरून पडलं?" मी विचारलं.

"मला काय ठाऊक? घरी आम्ही नायनम् म्हणतो. वडिलांनी नावाचं कधी सांगितलं नाही. म्हणाले, आधी श्वास धरायला शीक."

मग त्यांनी पाती तोंडात धरून ओली केली, आणि वाजवलं.

ते वाद्य देवळाच्या उघड्या प्राकारासाठी आहे, बेसमेंटसाठी नाही. पहिल्या सुरालाच फर्नेसचा पत्रा थरथरला. मला रागांतलं फार कळत नाही, पण तो आवाज अंगावर चालून येतो आणि मग एकदम मऊ होतो, आणि मऊ झाला तरी लांब जात राहतो, एवढं कळलं. याने कोणाला डोलवण्याचा प्रश्नच नव्हता. हे देवाला उठवायचं वाद्य आहे. एकोणीस वर्षं माझ्या शब्दांखाली ते मुकं पडून होतं आणि मी ते काय आहे हे जगाला सांगत होते. मला लाज वाटली.

"अय्या," मी म्हटलं, "ती पाटी मी लिहिली."

ते पाती पुसत राहिले. "तुम्ही नागस्वरम् कधी ऐकलं होतं?"

"नाही. आज पहिल्यांदा."

"न ऐकता लिहिलं?"

"हो."

"मॅडम, मी बावीस वर्षं गाड्यांना दारं बसवली," ते म्हणाले. "दार लागतं की नाही हे न बघता एकही गाडी पुढे सोडली नाही."

एवढंच बोलले. नोकरीत मला कोणी शिकवलं असेल तर त्या वाक्याने, पण तेव्हा नोकरी संपत आली होती.

थोड्या वेळाने त्यांनी वर हाक मारली आणि यालिनी खाली आली. हातात फोन, पायात लोकरी मोजे, चेहऱ्यावर पाहुण्यांसाठीचा कंटाळा. अय्या तिला तमिळमध्ये काहीतरी म्हणाले. तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"सो यू रोट इट?"

"हो. मला माहीत नव्हतं आणि मी लिहिलं. सॉरी. मी पाटी बदलते."

"ओके. बट माय क्लास इजंट गोइंग बॅक," ती म्हणाली. तिचा वर्ग काही पुन्हा तिकडे जाणार नव्हता. मग शांतपणे पुढे म्हणाली, की त्यांनी ते तिथे वाचलं आणि ते खरं मानून घरी गेले. आता मी कपाटात काहीही लिहिलं तरी ते कोण वाचणार. "यू हॅव टू टेल देम."

बारा वर्षांच्या पोरीला आमच्या समितीपेक्षा जास्त कळत होतं. याचं मला नवल वाटलं नाही.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी कपाट उघडलं. समितीच्या शिक्क्याविना नवी पाटी लावणं हा आमच्याकडे मोठा गुन्हा. तिच्यावर मी लिहिलं होतं की हे देवळातलं आणि मंगलकार्यातलं वाद्य आहे, नाव कसं पडलं याबद्दल वेगवेगळी मतं आहेत, आम्हाला खात्रीने माहीत नाही, आणि आधीच्या पाटीतला सापाचा मजकूर चुकीचा होता. खाली माझं नाव. आमच्या इमारतीतली नाव असलेली ती एकमेव पाटी. हेदरबाईंना मजकुराचा राग आला, पण नावाचा त्याहून आला. "वी डोंट साइन, डिअर," त्या म्हणाल्या, आणि मला ताकीद देणारं पत्र दिलं. नाव खरवडून काढलं. मजकूर राहिला, कारण तो काढायचा तर समिती ऑक्टोबरात भरणार होती.

घरी श्रीकांतने पत्र वाचलं आणि चष्मा काढला. "अगं, रिटायरमेंटला दीड वर्ष राहिलंय. पेन्शन, बेनिफिट्स, सगळं आहे. एका पाटीसाठी कशाला पंगा घेतेस?" आमचे हे चाळीस वर्षं इंजिनिअर होते, त्यांच्याही ड्रॉइंगवर सही लागायची. मी त्यांना एवढंच म्हटलं की तू सही करत होतास म्हणून तुला झोप लागते. त्यावर ते लॉन कापायला निघून गेले.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात, शाळा सुटण्याआधी, मी केंब्रिजला यालिनीच्या वर्गासमोर उभी राहिले. शिक्षिकेने माझी ओळख करून दिली, "अवर स्पेशल गेस्ट, अ म्युझियम एक्स्पर्ट." मी म्हटलं, एक्स्पर्ट नाही. तुम्ही वाचलेली पाटी मी लिहिली होती. ते वाद्य मी कधी ऐकलं नव्हतं, कोणाला विचारलंही नव्हतं. एका जुन्या कार्डावर चुकीचं लिहिलं होतं आणि मला ते ऐकायला छान वाटलं, म्हणून मी ते खरं असल्यासारखं लिहिलं. तुम्ही त्यावरून एका मुलीला चिडवलंत, पण चिडवायला साहित्य मी पुरवलं.

पोरं जांभया देत होती. एकाने विचारलं, तुमची नोकरी गेली का. मी म्हटलं, अजून नाही, आणि तो जरा निराश झाला. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, मग ते कशावरून नाव पडलं, आणि मी म्हटलं, मला माहीत नाही. चोवीस वर्षांनी मी ते तीन शब्द म्हटले आणि छप्पर कोसळलं नाही. यालिनी सगळा वेळ बाकावर काहीतरी कोरत होती. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. मी निघाले तेव्हाही नाही.

ऑगस्टमध्ये अय्यांचा फोन आला, उत्सवाला या. देऊळ म्हणजे गावाबाहेरचं एक जुनं गोदाम. त्याला गोपुर लावलेलं, आणि पालखी पार्किंग लॉटमधून फिरते. मी पोचले तेव्हा अय्या उघड्या अंगाने, पांढरी वेष्टी नेसून, उन्हात उभे राहून वाजवत होते. त्यांच्या डाव्या हाताला यालिनी. तिच्या हातात त्याहूनही लांब, बोटांसाठी भोकं नसलेलं एक वाद्य होतं. त्यातून एकच सूर निघतो आणि तो सगळा वेळ धरून ठेवायचा असतो. शिकणाऱ्याचं पहिलं काम तेच. हल्ली त्यासाठी सगळे विजेचा डबा वापरतात, अय्या वापरत नाहीत. तिचे गाल फुगलेले, कपाळ घामेजलेलं, आणि सूर मधूनमधून तुटत होता. छान वाजवलं असं मी म्हणणार नाही, खोटं लिहायचं मी आता सोडलं आहे. पण सबंध फेरीभर ती जागची हलली नाही. पार्किंग लॉटच्या टोकाला तिच्या शाळेतल्या दोन मुली उभ्या होत्या. त्यांनी फोनवर व्हिडिओ घेतला. तिने ते पाहिलं, आणि सूर सोडला नाही.

नंतर मांडवात कागदी ताटल्यांत भात-सांबार मिळालं. अय्या भक्तांच्या घोळक्यात अडकले होते. यालिनी ताटली घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली, ओठ दुखताहेत म्हणाली, आणि भात कालवू लागली. मग तिने इंग्रजीतच विचारलं, तुम्ही तिथे अजून काय काय लिहिलं?

मी आठवून सांगू लागले. पश्चिम आफ्रिकेतला एक ढोल. बालीचा मुखवटा. पेरूची बासरी. उत्तरेकडच्या बर्फातल्या लोकांची सुयांची डबी. एक पाळणा, तो कुठला ते आम्ही अंदाजाने ठरवलं होतं.

"त्यातलंही काही ऐकलं-बिकलं नव्हतं?"

"नाही."

तिने ताटली खाली ठेवली. "मग ते चूक आहे सांगायला दुसऱ्या कोणाचे आजोबा आले होते का?"

"नाही," मी म्हटलं.